खुलासा: भेदभावाचा हेतू सिद्ध करावाच लागतो?

‘मुद्दाम भेदभाव केल्याचा लेखी पुरावा नसेल तर स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात खटला टिकत नाही,’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

चेक प्रजासत्ताकातल्या ऑस्ट्रावा शहरातली 18 रोमा (युरोपातला एक अल्पसंख्याक समाज) मुलं मतिमंदांसाठीच्या ‘विशेष’ शाळांत घातली गेली होती. त्यांच्या वतीनं याच न्यायालयात दाद मागितली गेली. अर्जदारांनी आकडे मांडले: त्या शाळांत निम्म्याहून जास्त मुलं रोमा, तर शहरातल्या एकूण प्राथमिक विद्यार्थ्यांत रोमा जेमतेम 2.26 टक्के. 2006 मध्ये याच न्यायालयाच्या छोट्या पीठापुढे ते हरले. (फिरणारा मजकूर बहुधा इथंच थांबतो!) पण 13 नोव्हेंबर 2007 ला मोठ्या पीठानं 13 विरुद्ध 4 मतांनी निकाल फिरवला. आकडे काटेकोर नसतील, पण कल स्पष्ट दिसतो, असं पीठ म्हणालं. अशा अप्रत्यक्ष भेदभावात, म्हणजे नियम सगळ्यांना सारखा पण फटका एकाच गटाला जास्त, हेतू दाखवायची गरज नाही. प्रथमदर्शनी फरक दिसला की त्याचं वांशिक नसलेलं, रास्त कारण सरकारनं द्यायचं. पालकांची संमती होती, हा बचावही चालला नाही.

मात्र पोलिसांच्या गोळीबारामागे वंशद्वेष होता, असा आरोप असेल तर न्यायालय इतक्या सहज पुराव्याचा भार सरकारवर टाकत नाही. बल्गेरियाविरुद्धच्या नाचोवा खटल्यात, 2005 मध्ये, तेच झालं.