बिशपांचा अश्लील छापखाना? जरा थांबा

जर्मनीतल्या ‘वेल्टबिल्ड’ या पुस्तकविक्री कंपनीबद्दलचा एक मजकूर अधूनमधून फिरत असतो: ‘व्हॅटिकनच्या मालकीची ही कंपनी अश्लील पुस्तकं छापून गब्बर झाली, 2011 मध्ये भांडं फुटलं आणि पोपने ती बंद पाडली.’ यातलं भांडं फुटलं एवढंच खरं.

‘व्हॅटिकनच्या मालकीची.’ नाही. औग्सबुर्गच्या या कंपनीचे मालक होते जर्मनीतल्या 27 पैकी 12 कॅथलिक धर्मप्रांत (म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतले विभाग), धर्मप्रांतांची राष्ट्रीय संघटना आणि बर्लिनची लष्करी धर्मसेवा. यादीत रोम कुठेच नाही.

‘छापून गब्बर झाली.’ खरा घोळ इथे आहे. 1948 मध्ये धार्मिक मासिकासाठी सुरू झालेली संस्था पुढे टपालाने पुस्तकं विकू लागली. मग जाडजूड कॅटलॉग, गावोगावी दुकानं, वेबसाइट. कादंबऱ्यांशेजारी कॅलेंडरं, सीडी आणि घरसजावटीच्या वस्तूसुद्धा. उलाढाल दीड अब्ज युरोंच्या वर गेली. वेबसाइटवर शोधलं की कामुक साहित्याची अडीच हजारांच्या आसपास नावं निघतात, ही 2011 ची बातमी. पण यादीत असणं वेगळं, खपणं वेगळं. विक्रीत त्यांचा वाटा 0.017 टक्क्यांहूनही कमी, असं कंपनीने सांगितलं. आकडा आरोपीनेच दिलेला, तेव्हा हवं तर दहापट धरा. तरी गब्बर होण्याइतका होत नाही.

मात्र ‘आम्ही फक्त विकलं हो’ हा सोवळेपणाही चालायचा नाही. म्युनिकच्या ‘ड्रोमर क्नाऊर’ प्रकाशनात वेल्टबिल्डची निम्मी भागी होती आणि तिथून कामुक कादंबऱ्या निघत. शिवाय काही श्रद्धाळू कॅथलिकांनी 2008 मध्येच बिशपांना तक्रारींचा गठ्ठा पाठवला होता. त्यावर ढिम्म राहिले, हा माझ्या मते बिशपांचा खरा गुन्हा. नफा घ्यायचा आणि दुकानात काय मांडलंय ते बघायचं नाही!

‘पोपने बंद पाडली.’ तेव्हाचे पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी नोव्हेंबर 2011 मध्ये जर्मन राजदूतांपुढे अशा साहित्याविरुद्ध कडक शब्द वापरले, हे खरं. त्याच महिन्यात बिशपांनी कंपनी विकायचं ठरवलं. विक्री जमेना, म्हणून 2012 मध्ये ती धर्मादाय न्यासाकडे सोपवायचा बेत झाला. तोही बारगळला. दिवाळखोरीचा अर्ज आला जानेवारी 2014 मध्ये, आणि त्यामागे कामुक कादंबऱ्या नव्हत्या. गिऱ्हाईक कॅटलॉग सोडून ॲमेझॉनकडे वळलं होतं, ई-बुकसाठी ‘टोलिनो’ वाचनयंत्रात उतरायला 2013 उजाडलं होतं आणि कंपनी सावरायला लागणारी रक्कम अंदाजाबाहेर फुगल्यावर मालकांनी हात आखडता घेतला. सहा हजारांवर कर्मचारी टांगणीला लागले. त्यांच्याबद्दल या मजकुरात अवाक्षर नाही.

तरीही कंपनी तेव्हा बंद पडली नाही. ड्यूसेलडॉर्फच्या ‘ड्रोएगे’ समूहाने तिचा मोठा हिस्सा घेतला. दुकानांना कायमचं कुलूप लागलं ते 2024 मध्ये, दुसऱ्या दिवाळखोरीनंतर. तोवर चर्चची मालकी संपून दहा वर्षं झाली होती.