कोरोना औषध-चाचणीत ‘जागा पक्की’ होत नाही

‘दोन हजार भरा, कोरोनाच्या नव्या औषधाच्या चाचणीत जागा पक्की’ हा कोल्हापुरात फिरणारा मेसेज खोटा आहे. सहभागासाठी रुग्णाने पैसे भरायचे नसतात आणि निवड वय, लक्षणांचे दिवस, इतर आजार तपासूनच होते.

मेसेज पाठवणाऱ्याकडे चाचणीचा सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) क्रमांक मागा. भारतातली औषध-चाचणी या सरकारी नोंदणीत असावीच लागते. क्रमांक ‘सीटीआरआय/वर्ष/महिना/आकडे’ असा असतो. तो सीटीआरआयच्या संकेतस्थळावर टाकला की रुग्णालयांची यादी, संपर्क आणि भरती (म्हणजे चाचणीत नवे लोक घेणं) सुरू आहे की बंद, हे दिसतं. भरती बंद असेल तर फोन करून उपयोग नाही. यादीत कोल्हापूर नसेल तर पुण्याची केंद्रं बघा, पण फेऱ्यांचा प्रवासखर्च मिळणार का, हे आधीच विचारा.

संमतीपत्र मराठीत मागा, घरच्यांसोबत वाचा, मगच सही करा. काहींना नव्या औषधाऐवजी प्लासिबो (औषधासारखंच दिसणारं, पण औषध नसलेलं) मिळू शकतं. मधेच बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार मिळतात. चाचणीमुळे इजा झाली तर औषध-चाचण्यांच्या २०१९च्या सरकारी नियमांनुसार उपचार मोफत.