डबा आईचा तपासता, मग कॅन्टीन कोण तपासणार?

डब्यावरून आयांना शहाणपण शिकवणं शाळेने आता बंद करावं. डोकं फिरलंय माझं.

शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर पुन्हा डब्याची यादी आलीये. सोमवारी मोड आलेली मटकी, मंगळवारी मुगाचं धिरडं, बुधवारी पालेभाजी-पोळी. तळलेलं किंवा पाकिटातलं दिसलं की डायरीत शेरा. माझ्या मुलीच्या वर्गातल्या एका मुलाने चतुर्थीला साबुदाणा वडा नेला, तर त्याच्या आईला बोलावून घेतलं! ती नोकरीवरून अर्धी रजा टाकून गेली बिचारी.

आणि त्याच शाळेच्या कॅन्टीनमध्ये काय विकतात, ते जाऊन बघा. परातीत समोश्यांचा ढीग, खाली तेलाने पारदर्शक झालेला वर्तमानपत्राचा कागद. कढईतलं तेल काळंकुट्ट. कचोरीवर मूठभर सेव. बाजूला कोल्ड्रिंकचा फ्रिज, कंपनीच्या जाहिरातीसकट. सीबीएसईने मे 2025 मध्ये शाळांना 'शुगर बोर्ड', म्हणजे कशात किती साखर असते हे सांगणारा फलक, लावायला सांगितलं, ते आमच्याकडे लागलंय. कुठे? त्या फ्रिजच्याच वर. मुलं ते वाचतात आणि खालून बाटली काढतात.

हे चालतंच कसं? एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, 2020 चे नियम स्पष्ट आहेत: जास्त साखर, मीठ, चरबी असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकायचे नाहीत, त्यांची जाहिरातही करायची नाही. आमच्या फाटकाबाहेर तर चिप्सच्या माळा लटकलेल्या असतात. विचारलं की उत्तर ठरलेलं, "मॅडम, ठेका दिलाय." ठेका तुम्हीच दिलाय ना!

वर काही पालकच म्हणतात, अहो, आपण इंदूरचे, पोहे-जलेबीवर वाढलो, काय झालं आपल्याला? खाऊ द्या ना पोहे-जलेबी, रविवारी सकाळी बापाबरोबर जाऊन खाऊ द्या. मी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जाऊ नका म्हणत नाहीये. रोज शाळेत, आईबाप समोर नसताना, खिशातल्या वीस रुपयांवर डोळा ठेवून विकू नका, एवढंच म्हणतेय. सीबीएसईच्याच पत्रकात लिहिलंय की 4 ते 10 वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी 13 टक्के साखरेतून येतात, यायला हवेत फक्त 5 टक्के. ही सगळी साखर काय आम्ही डब्यात भरतो?

सुट्टी तरी किती? पंधरा मिनिटं. त्यात नळावर रांग. पोळी-भाजी चावून खायला वेळच नाही, म्हणून डबा अर्धा परत येतो. समोसा मात्र पळता पळता संपतो.

सरकारी शाळांतल्या मुलांचे हाल तर याहून वाईट. पीएम पोषणच्या, म्हणजे शाळेतल्या माध्यान्ह भोजन योजनेच्या, जेवणात प्राथमिकच्या मुलाला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. तमिळनाडूत मुलांना जेवणात अंडं मिळतं. आपल्या मध्य प्रदेशात 2015 मध्ये अंगणवाडीत अंडी देण्याचा प्रस्ताव आला, तो तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी फेटाळला. ज्या घरांत अंडी खातात, त्या घरांतल्या मुलांनाही नाही! मुलांच्या ताटाचा निर्णय मोठ्यांच्या सोवळ्याओवळ्यावर का व्हावा?

येत्या पालकसभेत मी नियमांची छापील प्रत घेऊन जाणार आहे. ठेका कोणाला दिलाय, कढईतलं तेल कधी बदलतात, तो फ्रिज कधी हलणार, हे लेखी द्या म्हणणार. तोपर्यंत माझ्या मुलीच्या डायरीत डब्याबद्दल एकही शेरा आला, तर मी सही करणार नाही.