सुस्त : वाक्यात उपयोग करा

रविवारी दुपारी दाल-बाफले खाऊन उठलेल्या माणसाला व्याकरण विचारू नये. एवढी साधी गोष्ट आमच्या घरात कुणालाही कळत नाही.

'उठलेल्या' हेही तसं खोटंच. मी पाटावरून दिवाणावर आलो होतो, म्हणजे फक्त जागा बदलली होती.

बाफले ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. बाटीचा हा माळव्यातला भाऊ. कणकेचे गोळे आधी हळदीच्या पाण्यात उकळायचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे, मग फोडून तुपात बुडवायचे. तूप सोडायचं नाही, बुडवायचं. वर डाळ. दोन झाले की माणूस हात आडवा धरतो, तरी तिसरा बोटांच्या फटीतून ताटात पडतो, आणि चौथा कधी संपला ते आठवत नाही. त्यानंतर लाडू असतो. माझ्या डोळ्यांसमोर तुपाचा एक सोनेरी पडदा हळूहळू खाली येत होता, तेवढ्यात चिऊ वही घेऊन आली.

"बाबा, सुस्त. पाच वाक्यं."

चिऊ दर रविवारी सकाळी मराठीच्या वर्गाला जाते. शाळा इंग्रजी, गल्ली हिंदी आणि आजी मराठी, अशी ज्या पोरांची गत आहे त्यांच्यासाठी हा वर्ग. तिथल्या बाई प्रेमळ आहेत, पण 'राहिला' या शब्दावर त्यांचा दात आहे. आम्ही इंदूरची माणसं 'येतोय' म्हणत नाही, 'येऊन राहिलो' म्हणतो. चार पिढ्या हिंदीच्या शेजारी राहिल्यावर क्रियापदही राहूनच राहणार! बाईंची लाल शाई मात्र ऐकत नाही.

"पहिलं मी लिहिलं," चिऊ म्हणाली. "बाबा सुस्त आहेत."

मी एक डोळा उघडला. म्हटलं, बेटा, हा हिंदीतला सुस्त झाला. शब्द फारसीतून आला, तिथे त्याचा अर्थ ढिला, कमजोर. हिंदीने त्याचा स्वभाव केला. माझ्या चौथीच्या प्रगतिपुस्तकात मास्तरांनी लिहिलं होतं, 'बालक सुस्त है'. पुढे काही नाही, निकाल लागल्यासारखं. मराठीत कसं, माणूस जेवून सुस्त होतो, उन्हाने सुस्त पडतो आणि चहा घेतला की उठतो. हिंदीतला सुस्त म्हणजे रक्तगट, मराठीतला म्हणजे ताप. तेव्हा मी सुस्त नाही, मी सुस्तावलोय.

"अहो," स्वयंपाकघरातून आवाज आला, "सकाळी सहाला पोहे आणायला जाणार होतात, तेव्हा कोणता ताप होता?"

बायको माहेरची सांगलीची. मराठीच्या बाबतीत तिच्यापुढे आमच्या घराण्याचं काही चालत नाही. चांगले शब्द तिने आधीच माहेरी वाटून टाकलेत. 'संथ' कृष्णेला दिला. 'मंद' डाळीखालच्या आचेला, वाऱ्याला आणि देवघरातल्या समईला. उरलेला मंद मागावा तर तो शनीचा. राशिचक्राची एक फेरी पुरी करायला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणून तो शनैश्चर, हळू चालणारा. आणि इतका हळू असूनही लोक त्याला तेल घालतात. जुन्या इंदुरात त्याचं देऊळ आहे, शनिवारी पाय ठेवायला जागा नसते. मला साधा चहा दोनदा मागावा लागतो.

मुळात हे गावच सुस्त माणसाचं नाही. पहाटे वाफेवरच्या पोह्यांवर शेव आणि जीरावन पडत असतं, आणि रात्री सोन्याची दुकानं मिटली की सराफ्यात त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात, त्या दीड-दोनपर्यंत. झोपायचं कधी? सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते. ओला वेगळा, सुका वेगळा घेऊन बनियनवर धावावं लागतं. 2017 मध्ये इंदूर देशात सर्वांत स्वच्छ ठरलं आणि 2023 पर्यंत सलग सात वेळा पहिल्या नंबरावरून हललं नाही. शेवटी सुरतलाही त्याच पाटावर बसवून घेतलं, पण हललं नाही. सात वर्षं एका जागेवर! त्याला कुणी सुस्त म्हणत नाही.

"बाबा, दुसरं वाक्य."

मी व्याकरणाकडे वळलो. म्हटलं, गंमत बघ. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल. हे विशेषण दिवसभर धावपळ करतं. आणि सुस्त? सुस्त मुलगा, सुस्त मुलगी, सुस्त मूल. जागचं हलत नाही! याला म्हणतात अविकारी विशेषण. स्वतःच्या अर्थाला इतका जागणारा शब्द भाषेत दुसरा नाही.

चिऊने पेन्सिल चावली. "चुस्त मुलगा, चुस्त मुलगी. तोही नाही हलत."

स्वयंपाकघरात कोणीतरी हसलं. मी कूस बदलली.

आता शेवटचं अस्त्र उरलं होतं. मागच्या महिन्यात आम्ही इथल्या प्राणिसंग्रहालयात अजगर बघितला होता. काचेमागे, गुंडाळी करून, अर्धा तास. पोरं काच वाजवत होती. एक आजी म्हणाल्या, "ये तो प्लास्टिक का है." म्हटलं, चिऊ, तो अजगर आठव. जगाला वाटतं सुस्त. पण आत काय चालतं? ब्रह्मी अजगराने मोठं सावज गिळलं की दोन-तीन दिवसांत त्याचं हृदय जवळजवळ 40 टक्क्यांनी वाढतं. आतडी फुगतात, यकृत वाढतं, बाहेर शेपटीचं टोकही हलत नाही आणि आत तीन पाळ्यांचा कारखाना चालू. तेव्हा जेवून पडलेल्या प्राण्याला एकदम सुस्त म्हणू नये.

हे मात्र तिला पटलेलं दिसलं. पेन्सिल भराभर चालू लागली आणि मी निर्धास्त झालो. पडदा पुन्हा खाली आला.

पुढच्या रविवारी वही तपासून आली. चार वाक्यांवर बरोबरच्या खुणा होत्या. पाचवं असं होतं : 'अजगर सुस्त दिसतो पण आत त्याचं हृदय वाढून राहिलं आहे, बाबांचं फक्त पोट वाढून राहिलं आहे.'

बाईंनी 'वाढून राहिलं आहे' दोन्ही ठिकाणी लाल शाईने खोडून वर 'वाढत आहे' लिहिलं होतं. बाकी वाक्याला त्यांनी हात लावला नव्हता.