सिलिंडर कधी येलालंय?

मंगळवारी, ३ जून २०२५ च्या सकाळी, उदगीरात कटिंगच्या दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या बाकड्यावर बसलेल्या तात्यांनी मला विचारलं, "का ओ, सिलिंडर कधी येलालंय?"

अंगात निळी जर्सी होती. त्या वर्षी मे महिन्यातच श्रावणासारखा पाऊस झाला, दोरीवरचे कपडे वाळेनात, आणि ही जर्सी रविवारी रात्री काढून फेकलेली असल्यानं तेवढी कोरडी होती. सोमवारी कटिंगची दुकानं बंद, त्यामुळं दाढी आणि दुःख दोन्ही एक दिवस जास्तीचं वाढलेलं.

"मी गॅसवाला नाही, तात्या."

"मग पंपावर हाव का?"

"मुंबई इंडियन्सची जर्सी आहे ही. क्रिकेटची टीम."

"म्हंजे कंपनीच की. पगार किती देतेत?"

आरशात कारागीर हसला. बाकड्यावरचे बाकीचे दोघं हसले. हे लिहिताना तो प्रश्न अजून कुठंतरी टोचतोय. पगार! जर्सीचे साडेतीनशे, मोबाईलवर सामने बघायचं वर्षाचं रिचार्ज, आणि दोन महिन्यांची झोप, हा सगळा व्यवहार उलट्या दिशेनं चाललेला असतो हे तात्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं?

रविवारचं लांबवत नाही. अहमदाबादला आयपीएलचा दुसरा क्वालिफायर, म्हणजे जिंकला तो फायनलला, हरला तो घरी. टॉस झाल्यावर पाऊस, पहिला चेंडू पडायला पावणेदहा. मुंबई ६ बाद २०३. मध्यरात्र उलटल्यावर पंजाबच्या श्रेयस अय्यरनं ४१ चेंडूंत नाबाद ८७ करून एक षटक राखून विषय मिटवला. आमच्या हुकमी बुमराहची वाट्याची चारही षटकं संपलेली, एकोणिसावं षटक अश्वनी कुमार या नवख्या पोराच्या हातात, त्यात चार षटकार. संपलं. मंगळवारी संध्याकाळी अहमदाबादलाच फायनल होती, बंगळुरू आणि पंजाबची, आणि दुकानात त्याचीच चर्चा चाललेली. मी खुर्चीत मान मागं टाकून बसलो. गालाला फेस लागला, म्हणजे पुढची वीस मिनिटं मला पळता येणार नव्हतं.

तात्यांचं निम्मं आयुष्य हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात दलाली करण्यात गेलेलं. क्रिकेट त्यांना ठाऊक नाही. पण कारागिरानं, बहुतेक मला अजून थोडं भाजावं म्हणून, एवढंच सांगितलं की या टीमवाले माणसं लिलावात विकत घेतात. तात्यांनी पेपरची घडी घातली.

"बैलावानी?"

"बैलावानीच."

"दात बघून घेतेत का?"

आता हे दाताचं ऐकण्यासारखं आहे. बैल अडीचेक वर्षांचा झाला की पुढचे दोन दुधाचे दात पडून पक्के येतात, तो दोन दाती. मग चार दाती, सहा दाती. पाचेक वर्षांत आठही आले की बैल जुळला. पुढं वय दातांच्या झिजेवर काढायचं. दातानंतर चाल बघायची, तीही कडक जमिनीवर, कारण मातीत लंगडा बैलही साळसूद चालतो. मग खुर, मग जू ठेवून खांदा, मग औताला बसतो का ते. खोड असली तर सांगून विकायची. देवणी असेल तर वानेरा आहे, शेवरा आहे की बालंक्या, हे सगळ्यात शेवटी. तात्या म्हणाले, "रंग बगून बैल घेतंय त्याला आमी गिऱ्हाईक म्हणत न्हाई, पाहुना म्हणताव."

मग चौकशी सुरू झाली. तात्या विचारणार आणि मी फेसातून उत्तरं देणार.

"गाठीला किती व्हते?"

"२०२२ ला ९० कोटी. त्यात रोहित, बुमराह, सूर्यकुमार आणि पोलार्ड हे चौघं घरचेच ठेवले. ते ४२ गेले. राहिले ४८."

"अन् घेतलं काय?"

"ईशान किशन सव्वापंधरा. टिम डेव्हिड सव्वाआठ. जोफ्रा आर्चर आठ."

तात्यांनी पेरं मोजली नाहीत, मोबाईल काढला नाही. "साडेएकतीस. तिघांतच. राहिले साडेसोळा. अजून किती घ्यायचे व्हते?"

"अठरा."

तात्या कारागिराकडं बघून म्हणाले, "ह्यांच्या घरात कुणी बाईमानूस न्हाई का हिशोबाला?"

त्या अठरांत फिरकी गोलंदाजीसाठी मुरुगन अश्विन १ कोटी ६० लाखांना आणि मयंक मार्कंडे ६५ लाखांना आला. ज्यांनी आधीच्या वर्षांत सामने काढून दिले होते ते बोल्ट, डी कॉक, राहुल चहर आणि कृणाल दुसऱ्यांच्या दावणीला. हंगाम सुरू झाला आणि पहिले आठच्या आठ सामने हरलो. १४ पैकी ४ जिंकले, दहा संघांत दहावे. पैसा कमी पडला असं कुणी म्हणत असेल तर त्यानं तात्यांशी बोलावं. पैसा होता. साडेएकतीस कोटींची तीन शिंगं रंगवली, आणि औताला माणसंच उरली नाहीत.

पण तात्यांचं खरं लक्ष आर्चरवर अडकलं होतं.

"त्येला काय खोड?"

"कोपर दुखावलेलं. त्या वर्षी खेळणार नाही हे लिलावाच्या आधीच सगळ्यांना माहीत होतं."

"म्हंजे खोड सांगून इकला."

"हो."

"तरी आठ?"

"पुढच्या वर्षी बुमराहबरोबर जोडी लावायची होती."

"लावली का मग?"

"पुढचा हंगाम येईस्तोवर बुमराहची पाठ गेली. ऑपरेशन झालं. आर्चर पाच सामने खेळला, दोन बळी घेतले आणि दुखणं घेऊन इंग्लंडला परत गेला. मग सोडून दिला."

"म्हंजे जोडी येक दिवस बी जुंपली न्हाई?"

"एक चेंडूही नाही."

दुकानात थोडा वेळ फक्त वस्तऱ्याचा आवाज. मग तात्यांनी मला, म्हणजे खरं तर आरशातल्या मला, जोडीचं शास्त्र सांगितलं. प्रत्येक बैलाची बाजू ठरलेली असते, एक डावीकडचा, एक उजवीकडचा. लहानपणी ज्या अंगाला जुंपला त्याच अंगाला तो आयुष्यभर चालतो. बाजू बदलली की खांदा टाकतो, तास वाकडं जातं. म्हणून बैल एकटा कधी घेत नाहीत, घरी कोण उभा आहे ते सांगून घेतात. उंची, चाल आणि ताकद, तिन्ही जुळायला हवं. नाहीतर तगडा बैल पुढं ओढतो, दुसरा मागं राहतो, आणि जू तिरकं होऊन दोघांचेही खांदे सुजतात.

मला एकदम हैदराबाद आठवलं. मार्च २०२४. समोरचे पहिल्या १० षटकांत १४८ कुटतायत, आणि जगातल्या सगळ्यात भारी गोलंदाजाला, बुमराहला, चौथं षटक दिल्यानंतर थेट तेरावं. शेवटी धावा २७७. तो बैल कुठल्या अंगाला चालतो हे मोंढ्यातल्या हमालालाही माहीत आहे.

"बरं, आता ह्यो नवा धनी कोण?" तात्यांनी विचारलं. समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीत हार्दिक पंड्या दिसत होता.

आता ही गोष्ट फेस वाळायच्या आत सांगणं अवघड. २०१५ ला १० लाखांना घेतलेला पोरगा. वासरू घेऊन बैल करायचा, हेच तर या टीमचं कौशल्य होतं. २०१३, १५, १७, १९ आणि २० ची पाच विजेतेपदं काही रंगवलेल्या शिंगांवर आली नाहीत. २०२२ ला चारच ठेवता येत होते, हा गेला गुजरातला, आणि पहिल्याच वर्षी कप्तान म्हणून कप घेऊन बसला. मग २०२३ च्या नोव्हेंबरात त्याला परत आणायचं ठरलं. त्यासाठी आदल्याच वर्षी साडेसतरा कोटींना आणलेला कॅमेरॉन ग्रीन बंगळुरूला देऊन टाकला. १५ डिसेंबरला जाहीर केलं की कप्तान आता हार्दिक, आणि पाचही कप आणून देणारा रोहित साधा खेळाडू.

तात्यांनी हे दोनदा विचारून घेतलं. "मानाचा बैल गोठ्यात हाय. मेला न्हाई, थकला न्हाई. अन् पोळ्याच्या मिरवणुकीत त्येच्या म्होरं दुसरा घातला?"

"हो."

"गावात मारामारी झाली आसंल."

"झाली. वानखेडेवरच स्वतःच्या कप्तानाला शिव्या. पुन्हा १४ पैकी ४. पुन्हा दहावे."

"त्येच्यात त्या पोराचा काय दोष? बैल सोताहून म्होरं जात न्हाई. कासरा धरणाऱ्यानं न्यावा लागतो."

मी दीड वर्षं हार्दिकला शिव्या घातल्या होत्या. तात्यांनी हे एका वाक्यात काढलं, तेही तंबाखू मळता मळता. राग आला. म्हाताऱ्याचाही आला.

२०२५ च्या हंगामाच्या लिलावाआधी तर १२० कोटींपैकी ७५ पाच जणांवर बांधून मोकळे. बुमराह १८, सूर्यकुमार आणि हार्दिक प्रत्येकी १६.३५, रोहित १६.३०, तिलक वर्मा ८. हे मला पटलं होतं. चांगली दावण आहे. पण तिलकचं काय केलं? ४ एप्रिल, लखनौ. २०४ पाहिजेत, ७ चेंडूंत २४ राहिलेत, आणि २३ चेंडूंत २५ वर अडकलेल्या तिलकला 'रिटायर्ड आउट' करून बाहेर बोलावलं. आत कोण पाठवला तर मिचेल सँटनर. पुढच्या षटकात एक धाव मिळत असतानाही हार्दिकनं ती घेऊन त्याला स्ट्राइक दिली नाही. १२ धावांनी हरले.

हे तात्यांना समजावताना कारागिराला वस्तरा थांबवावा लागला, कारण मी हातवारे करत होतो.

"तास अर्धं झालंय. बैल थकलाय. ठीक हाय. त्येला सोडला, दुसरा आणला, अन् त्येला जुंपलाच न्हाई?"

"नाही."

"मग औत कुणी वढलं?"

मी गप्प.

आणि हंगामातला पहिला सामना? २०१३ ते २०२५, सलग तेरा हंगाम पहिला सामना हरलेत. तात्या म्हणाले, "नैवेद्य काढून ठेवत आसतील." हे मात्र मी हसण्यावारी नेलं नाही. दोन गुणांचा नैवेद्य कुठल्या देवाला लागतो?

खरी चीड वेगळीच आहे. आमच्याकडं साखर कारखाना बुडाला तरी सभासदाला वर्षातून एकदा सभेत उभं राहून संचालकाला विचारता येतं. माईक बंद करतात, मान्य. पण उभं तर राहता येतं, आणि दिवाळीला सवलतीची साखर मिळते. टीमच्या चाहत्याला काय? एक व्हिडिओ. त्यात खेळाडू चाहत्याला 'पलटन' म्हणतो. पलटनीला निदान शिधा असतो.

या टीमशी मराठवाड्याचा रोकडा संबंध एकदाच आला, एप्रिल २०१६ ला. १२ तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. दुसऱ्या दिवशी हायकोर्टानं सांगितलं की ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या, दुष्काळ आहे. मुंबईचे घरचे सामने गेले विशाखापट्टणमला. आम्ही घागरी घेऊन रांगेत, आणि रांगेतही स्कोअर विचारतोय! आमच्या तहानेपायी टीमला घर सोडावं लागलं याची उलट आम्हालाच खंत. त्या वर्षी बाद फेरीत पोचली नाही, तेव्हा काही जण म्हणालेही, लातूरचा तळतळाट. तळतळाट कसला, आम्ही तर नवस बोलत होतो.

दाढी झाली. तुरटी फिरली. कारागिरानं खांद्यावर टॉवेल टाकला. तात्या उठले, माझ्याजवळ आले आणि काही न बोलता त्यांनी टॉवेलखाली माझा हात धरला. बाजारात भाव असाच होतो. उपरण्याखाली बोटं दाबायची, बघणाऱ्याला आकडा कळू द्यायचा नाही. त्यांनी माझी दोन बोटं घट्ट दाबली.

दोन काय? दोन कोटी? दोन चषक? मी आरशात कारागिराकडं बघितलं.

"वीस म्हणलालेत," तो म्हणाला. "जर्सीचे. वासरू झालंय त्यांच्याकडं, पोळ्याला झूल पाहिजे. निळी."

साडेतीनशेची जर्सी. पाठीवर रोहितचा ४५ आकडा. मी टॉवेलखालून हात काढला नाही, चार बोटं पुढं केली.

तात्यांनी त्यातलं एक दुमडलं.