बिद्दूचा कान

काल शाळेच्या ग्रुपवर ‘आप जैसा कोई’ कोणाचं यावरून चांगलीच जुंपली. ‘कुर्बानी’ म्हणजे कल्याणजी-आनंदजी, यावर एक जण अडूनच बसला. बाकीची गाणी त्यांची, कबूल. पण हे एक बिद्दूचं. आणि निम्म्या मंडळींना बिद्दू कोण हेच माहीत नव्हतं!

बिद्दू अप्पय्या बेंगळुरूचा. तिथे ‘ट्रोजन्स’ बँडमध्ये गायचा, पुढे मुंबईच्या नाइटक्लबांत एकटाच गाऊ लागला. साठच्या दशकात पॉपस्टार व्हायला म्हणून मध्यपूर्वेतून मजल दरमजल करत लंडनला पोचला. स्वतःच्या आवाजात रेकॉर्डी काढल्या, पण त्या चालल्या नाहीत. तरी गडी कुढत बसला नाही. माइकसमोरून उठला आणि काचेपलीकडे, मिक्सरपाशी जाऊन बसला, दुसऱ्यांची गाणी घडवायला. मला त्याचं सगळ्यात जास्त कौतुक याचं आहे.

१९७४ साली जमैकाच्या कार्ल डग्लसचं एक गाणं तो करत होता. स्टुडिओचा बहुतेक वेळ त्यातच गेला. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला काहीतरी हवं, म्हणून शेवटच्या दहाएक मिनिटांत ‘कुंग फू फायटिंग’ उरकलं. तेच ब्रिटन-अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. त्यातलं ते ‘हू! हा!’ ऐका, निव्वळ मस्करी आहे. वेळ हातात असता तर त्याने ते काढून टाकलं असतं, असं मला आपलं वाटतं.

दोन वर्षांनी टीना चार्ल्सचं ‘आय लव्ह टू लव्ह’ ब्रिटनमध्ये पहिलं आलं. मग १९८० ची ‘कुर्बानी’ आणि ‘आप जैसा कोई’ गाणारी नाझिया हसन, पंधरा वर्षांची पोरगी. आवाज जरा नाकातला. आपल्याकडच्या मास्तरांनी आधी पाच वर्षं पलटे घोटायला बसवलं असतं! बिद्दूने तिला हरकती-मुरक्यांच्या वाटेला जाऊच दिलं नाही. तिच्या आवाजावर तिचाच आवाज चढवला, खाली तालाचा ठोका पक्का ठेवला. त्या वर्षीचं फिल्मफेअर तिला मिळालं. ‘मेड इन इंडिया’ची चालसुद्धा मुळात तिच्याचसाठी होती म्हणतात, तिने नको म्हटलं आणि १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचं नशीब उघडलं. (गाणं मला यथातथाच वाटतं. आमच्या बहिणींना मात्र व्हिडिओतल्या मिलिंद सोमणपुढे गाणं ऐकूच येत नसे.)

या कामाला आपल्याकडे धड शब्दही नाही. निर्माता म्हटलं की पैसे लावणारा शेठ डोळ्यांसमोर येतो. पण कुठल्या गळ्याकडून काय गाऊन घ्यायचं, काय गाऊ द्यायचं नाही, हे ठरवणाऱ्याला काय म्हणायचं? कॅसेटवर तो बारीक अक्षरांत, आतल्या कागदावर.

परवा पांडाच्या सिनेमातलं ‘कुंग फू फायटिंग’ लागलं तेव्हा भाच्याला म्हटलं, अरे, हे पहिल्यांदा रेकॉर्ड केलं ते एका बेंगळुरूच्या माणसाने.

“मग कन्नडमध्ये का नाही केलं, मामा?”