सामोआचा 'चमत्कारी पाला' : तो फॉरवर्ड पुढे ढकलायच्या आधी एवढं वाचा

सगळ्या फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेलच. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर गोरे लोक यायच्या आधी रोग म्हणून नव्हता, तिथल्या म्हाताऱ्या बायका एका झाडाच्या सालीने एड्स बरा करतात, औषध कंपन्यांनी ही गोष्ट दाबून ठेवली, 2019 ला तिथे गोवराच्या लसीने पोरं मेली आणि गावच्या वैदूंनी बाकीची वाचवली. आणि सगळ्यात शेवटी, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केलाय ते, नोनी ज्यूसची बाटली मागवायचा नंबर.

आता एकेक घेऊ.

रोग नव्हता म्हणे. हत्तीरोग तिथे गोरे यायच्या आधीपासून होता, यॉज नावाचा कातडीवर जखमा करणारा आजार पण होता. नवे रोग जहाजांवरून आले ही गोष्ट मात्र शंभर टक्के खरी, आणि त्याचा सगळ्यात भयानक नमुना मेसेज लिहिणाऱ्याला माहीतच नाही. 7 नोव्हेंबर 1918 ला टालून नावाचं जहाज न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून सामोआच्या आपिया बंदरात लागलं, जहाजावर फ्लूचे पेशंट होते, तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या न्यूझीलंडच्या कारभाऱ्यांनी तरी लोकांना उतरू दिलं आणि पुढच्या काही आठवड्यांत पश्चिम सामोआतली, म्हणजे आजच्या सामोआ देशातली, साधारण 8,500 माणसं गेली, म्हणजे पाचातलं एक माणूस. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नरने जहाजं अडवून धरली, तिथे त्या साथीत एकही मेलं नाही. झाडपाला दोन्हीकडे तोच होता हो, फरक पडला तो बंदर बंद ठेवल्याने.

आता एड्सवाली साल. इथे फॉरवर्डवाल्याने खऱ्या गोष्टीला शेपूट लावलंय म्हणून नीट सांगावं लागेल. झाडाचं नाव मामाला. सवाई बेटावर फालेआलुपो गावात वनस्पतींचा अभ्यास करणारा पॉल कॉक्स नावाचा अमेरिकन माणूस 1980 च्या दशकात राहायला होता, तिथल्या जाणत्या बायकांकडे शिकत होता. त्यांच्याकडून त्याला कळलं की या झाडाच्या खोडाचा काढा काविळीला, म्हणजे आपण हिपॅटायटिस म्हणतो त्याला देतात. लक्षात घ्या, काविळीला. एड्सचं नाव तरी त्या गावात कुणी ऐकलं असेल का तेव्हा! त्याने नमुने अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत पाठवले, तिथे त्यातून प्रोस्ट्रॅटिन नावाचं द्रव्य निघालं आणि 1992 ला पेपर छापून आला की प्रयोगशाळेत हे द्रव्य पेशींना एचआयव्हीपासून वाचवतं. नंतर असंही दिसलं की पेशींमध्ये दडून बसलेला विषाणू ते बाहेर काढतं, आणि संशोधकांना खरा रस आहे तो यात, कारण रोजच्या गोळ्या त्या दडलेल्या विषाणूपर्यंत पोचत नाहीत. पण बाहेर काढणं आणि मारून टाकणं यात फरक आहे ना. प्रोस्ट्रॅटिन आजही मान्यता मिळालेलं औषध नाही, त्याने एड्स बरा झालेला एक माणूस कुणी दाखवू शकत नाही. हे वाचून कुणी एचआयव्हीच्या गोळ्या बंद केल्या तर त्याचं पाप मेसेज पाठवणाऱ्याच्या डोक्यावर.

दाबून ठेवलं हा आरोप तर अगदीच पोकळ. 2001 मध्ये सामोआ सरकारशी लेखी करार झाला की औषध निघालंच तर नफ्यातला 20 टक्के वाटा परत येणार, जास्त सरकारला, काही गावाला, थोडा त्या बायकांच्या घरच्यांना. पुढे 2004 ला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीवाल्यांनी झाडाच्या जनुकांसाठी अर्धा-अर्धा वाटा कबूल केला. दाबायचं असेल तर असं कागदावर लिहून वर बातम्या छापतात का कुणी? (बायकांच्या घरच्यांना एक टक्काही नाही, यावर कुणाला चिडायचं असेल तर जरूर चिडा, ती तक्रार रास्त आहे.)

गोवराचा मुद्दा मात्र वाचून डोकं फिरलं. जुलै 2018 मध्ये लस दिल्यावर दोन तान्ही बाळं गेली हे खरंय. पण का गेली? लसीची पावडर पाण्यात कालवायची असते, ती एक्स्पायर झालेल्या, स्नायू ढिले करणाऱ्या भुलीच्या औषधात कालवली गेली. दोन नर्सना 2019 मध्ये पाच-पाच वर्षांची शिक्षा झाली. मधल्या काळात सरकारने लसीकरण थांबवलं, लोक घाबरले, त्यात लसविरोधी लोकांनी तेल ओतलं, आणि लस घेतलेल्या बाळांचं प्रमाण एकतृतीयांशाच्या आसपास घसरलं. मग 2019 ला गोवर आला. साधारण 2 लाख वस्तीच्या देशात 5,700 च्या वर केसेस, 83 मृत्यू, बहुतेक पाच वर्षांच्या आतली पोरं. ती सगळी लस न मिळाल्याची किंमत आहे, आणि हा माणूस बेधडक लिहितो लसीने मेली!

आणि साथ थांबली कशी तेही ऐका. 5 आणि 6 डिसेंबरला सरकारने कामकाज बंद ठेवून पथकं गावोगाव पाठवली, लोकांना सांगितलं की घरात कुणाची लस राहिली असेल तर दाराबाहेर लाल कापड बांधा. घरोघर जाऊन टोचलं, महिनाअखेरीला प्रमाण 95 टक्क्यांच्या आसपास गेलं. वैदूंनी वाचवली म्हणता, तर सरकारला उलट आवाहन करावं लागलं की पोरांना आधी दवाखान्यात आणा, तिकडे फिरवून उशीर करू नका. एका ठिकाणी तर पोरांवर मशीनमधलं अल्कलाइन पाणी फवारून दहा-दहा ताला (तिथलं चलन) घेत होते. आता जपानी मशीनचं पाणी कुठल्या परंपरेत बसतं? तीच मशीनं आपल्याकडे पण चेन लावून विकतात.

एवढं लिहिलं की खाली लगेच येतात, "म्हणजे सगळे भोंदूच ना." अजिबात नाही. तिथे चोळून उपचार करणाऱ्या फोफो असतात, पाला जाणणाऱ्या तउलासेआ असतात, बाळंतपण करणाऱ्या सुईणी असतात, बहुतेक बायकाच, विद्या आई-आजीकडून आलेली, फी ठरलेली नसते, कुणी चटई देतं कुणी खायला आणतं. हाड दुखलं, मूल रडायचं थांबत नाही, की आधी तिथे, आणि काय दवाखान्याचं आहे हे लोकांना चांगलं कळतं, एकाच आजारात दोन्हीकडे जाणारेही भरपूर. 1920 च्या दशकापासून गावोगाव महिला समित्या आहेत, त्यांनी नर्सच्या जोडीने घरोघर फिरून चटया, मच्छरदाण्या तपासल्या, बाळांची वजनं घेतली, संडास बांधून घेतले. फॉरवर्डमध्ये या बायकांसाठी एक ओळ नाही.

आणि पाल्यात दम नसतो असंही नाही. मातालाफी नावाचं झुडूप, कॉफीच्याच कुळातलं, ताप आणि अंगदुखीला त्याचा पाला चुरून रस देतात, कधी भूतबाधेलाही. सामोआच्याच सेएसेएई मोलिमाउ-सामासोनी या शास्त्रज्ञ बाईंनी त्याच्यावर काम केलं, 2021 ला ते छापून आलं : रस लोहाला धरून ठेवतो आणि पेशींमधली सूज इबुप्रोफेन या दुखण्या-सुजेवरच्या गोळीच्या तोडीने उतरवतो. पण हे पेशींमध्ये, माणसांमध्ये नाही, आणि त्यांनीही तेवढंच सांगितलं.

राहता राहिला तो ज्यूस. नोनी म्हणजे आपली बारतोंडी, आल म्हणतात ती, जिच्या मुळांपासून लाल रंग काढायचे. सामोआत तिला नोनू म्हणतात आणि पानं गरम करून गळवावर बांधतात. रोज बाटलीतला रस पिऊन शुगर, बीपी, कॅन्सर सगळं पळवायचं ही आयडिया 1990 च्या दशकातल्या अमेरिकन विक्रेत्यांची, आणि असल्याच दाव्यांवरून 1998 मध्ये चार राज्यांच्या सरकारी वकिलांनी एका कंपनीला धरलं होतं. एक गोष्ट मात्र सिरियसली घ्या, या रसात पोटॅशियम भरपूर असतं आणि किडनीच्या एका पेशंटचं पोटॅशियम त्याने वाढल्याची केस 2000 साली छापून आलेली आहे. घरात कुणाची किडनी नाजूक असेल, डायलिसिस चालू असेल, तर बाटली उघडायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन करा.